पॅरिसच्या जत्रेला निघताना : व्यापारी व कारागिरांसाठी प्रवासाचा हिशेब

हिमरू शालीचा विणकर असो, बिदरी कामाचा कारागीर असो की चामड्याच्या वस्तूंचा व्यापारी, परदेशी गिऱ्हाईक मिळवायचे तर पॅरिसचे नाव पुढे येतेच. घरसजावट व हस्तकलेच्या मालाची ‘मेझों ए ऑब्जे’ ही व्यापारी जत्रा तेथे दरवर्षी जानेवारी व सप्टेंबरमध्ये भरते. मात्र जत्रेच्या गाळ्याचे भाडे व विमानाचे तिकीट यांचाच हिशेब मांडून निघणाऱ्याचा पैसा तेथे वाटेतच गळतो. तो कोठे वाचवता येईल, ते पाहू.

व्हिसा व नमुन्याचा माल

फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. जत्रेच्या आयोजकांचे निमंत्रणपत्र, धंद्याची कागदपत्रे, आयकर विवरण आणि बँकेचा उतारा सोबत जोडावा. हा व्हिसा लंडनला चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा निराळा काढावा लागतो.

गाळ्यात मांडायचा माल परत आणायचा असेल तर ‘ए.टी.ए. कार्नेट’ काढावे. आपल्याकडे ते फिक्की ही संस्था देते. या कागदामुळे तिकडे सीमाशुल्क न भरता माल नेता-आणता येतो. मात्र यादीतील प्रत्येक नग परत यावा लागतो. मोह होऊन चार नग तेथेच विकले, तर शुल्काचा बोजा आपल्याच अंगावर येतो.

विमानतळापासून शहरात

मुंबईहून एअर फ्रान्सचे थेट विमान शार्ल द गोल विमानतळावर उतरते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे व छायाचित्र घेऊन प्रवाशाची संगणकात नोंद करण्याची पद्धत सुरू झाली आहे. त्यामुळे रांगेसाठी वेळ हाताशी ठेवावा.

बाहेर पडताच ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत अंगाशी येणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. अधिकृत टॅक्सी ठरलेल्या थांब्यावरच मिळते व तिचे दर सरकारने बांधून दिले आहेत. २०२५ मध्ये ते सेन नदीच्या उजव्या तीरावर ५६ युरो व डाव्या तीरावर ६५ युरो होते. तिघे-चौघे सोबत असतील व सामान जड असेल तर हा व्यवहार वाईट नाही. एकट्याने मात्र ‘आर.ई.आर. बी’ ही रेल्वे धरावी. २०२५ मध्ये विमानतळाचे तिकीट १३ युरो होते, तर शहर व उपनगरांतील साधे मेट्रो-रेल्वे तिकीट अडीच युरो. दर जानेवारीत दर बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

खरी बचत साप्ताहिक पासात आहे. तो सोमवार ते रविवार असाच चालतो. मध्येच घेतला तरी रविवारी संपतो. चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच मिळतो. २०२५ मध्ये तो ३१ युरो ६० सेंटचा होता, शिवाय कार्डाचे ५ युरो व एक छोटा फोटो. विमानतळाचा प्रवासही त्यात येतो. विमानतळाच्या नुसत्या जाण्यायेण्यालाच २६ युरो पडत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे फायदा कळतो. मात्र त्यासाठी येणे व परतणे एकाच सोमवार-रविवारात बसले पाहिजे.

जत्रेचे ठिकाण

जत्रा शहरात नसून उत्तरेला व्हिलपँत येथे, विमानतळाच्या वाटेवर भरते. स्थानकाचे नाव ‘पार्क दे झेक्सपोझिसियों’. तेथवर साधे मेट्रो-रेल्वे तिकीट चालते. विमानतळाचे घेण्याची गरज नाही. एक खबरदारी घ्यावी. उत्तरेकडे ही रेल्वे दोन फाट्यांत विभागते. मित्री-क्ले फाट्याची गाडी जत्रेला जात नाही. शार्ल द गोलची गाडी हवी. फलाटावरील पाटीवर आपल्या स्थानकाचे नाव पाहूनच डब्यात चढावे. तिकीट उतरेपर्यंत जपावे. तपासनीस दंड करताना भाषेची अडचण ऐकत नाहीत. या गाडीत पाकीटमारही असतात, तेव्हा पासपोर्ट आतल्या खिशात ठेवावा.

मुक्काम ‘गार द्यु नॉर’ स्थानकाजवळ केल्यास जत्रेची गाडी थेट मिळते. जवळच ला शापेल भागात भारतीय उपखंडातील खाणावळी आहेत, तर बार्बेस भागात हलाल मांसाची दुकाने आहेत. पॅरिसची मोठी मशीद १९२६ साली उघडली. तिला जवळचे मेट्रो स्थानक ‘प्लास मोंज’ होय.

एक दिवस बाजारासाठी

जत्रा संपताच परतू नये. मोंमार्त्रच्या पायथ्याशी मार्शे सँ-पिएर भागात कापडाची दुकाने आहेत. तेथे मीटरमागे काय भाव चालतो, कोणते रंग उठतात, हे डोळ्यांनी पाहता येते. तयार कपड्यांची ठोक पेढ्यांची वस्ती ओबेरव्हिलिये येथे आहे. मेट्रोच्या बारा क्रमांकाच्या मार्गावर ‘फ्राँ पोप्युलेर’ला उतरावे. बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात, म्हणून हा दिवस आठवड्याच्या मध्ये ठेवावा. दुकानात शिरताना प्रथम ‘बोंझूर’ म्हणावे. न बोलता मालाला हात लावणे तेथे असभ्य मानतात.

जत्रेत मिळालेले गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी मोठी मागणी नोंदवील, असे धरून चालू नये. बहुधा ते भावपत्रक मागते आणि पुढल्या वर्षी पुन्हा भेटते. म्हणून पहिल्या खेपेचा खर्च असा राखावा की दुसरी खेप कर्ज न काढता करता येईल.