विजेच्या दोन मोटारी : निवड कशी करावी ?

वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल ह्या वस्त्यांतून राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं सध्यां एका विषयाचा खल वारंवार चाललेला ऐकूं येतो. जुनी पेट्रोलची मोटार काढून विजेवर चालणारी घ्यावी, येथपर्यंत सर्वांचें एकमत असतें. परंतु दोन गाड्या मनांत भरलेल्या असतात, आणि त्यांपैकीं कोणती घ्यावी ह्याविषयीं वडिलांचें एक मत, मुलांचें दुसरें व शेजाऱ्यांचें तिसरें! वीस लाखांच्या आसपासची ही रक्कम बहुतेक घरांत कित्येक वर्षांच्या शिलकेंतून व पुढील कित्येक वर्षांच्या कर्जांतून उभी राहते. मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्चही त्याच तिजोरींतून व्हावयाचा असतो. म्हणून ही निवड कशी करावी ह्याचा विचार येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. अमुकच गाडी घ्या असें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं; तुलनेची रीत दाखवावी, इतकाच आहे. ह्या रीतीस लागणारें गणित आठव्या-नवव्या इयत्तेंतील विद्यार्थ्यास सहज येण्यासारखें आहे.

विजेवर प्रवास करणें आपणांस नवें नाहीं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतांतील पहिली विजेची आगगाडी धांवली, ती हार्बर मार्गावरूनच. आणि तोच मार्ग १९९२ सालीं खाडी ओलांडून वाशीस आला. फरक इतकाच कीं, आगगाडी डोक्यावरील तारेंतून वीज घेत जाते, आणि मोटारीस ती बॅटरींत भरून बरोबर न्यावी लागते. मोटारींच्या तुलनेंतील बहुतेक सारे प्रश्न ह्या एका फरकांतून निघतात : वीज किती मावते, ती किती दूर नेते, आणि संपली म्हणजे कोठें व किती वेळांत भरतां येते.

उदाहरणादाखल दोन गाड्या घेऊं. टाटा कंपनीची ‘कर्व्ह ईव्ही’ ऑगस्ट २०२४ मध्यें, व ह्युंदाई कंपनीची ‘क्रेटा इलेक्ट्रिक’ जानेवारी २०२५ मध्यें बाजारांत आली. दोन्ही उंच बांधणीच्या व पांच माणसांच्या. बाजारांत आल्या तेव्हां पहिलीची किंमत १७ लाख ४९ हजार रुपयांपासून व दुसरीची १७ लाख ९९ हजार रुपयांपासून होती. दोहोंसही लहान व मोठी अशा दोन बॅटऱ्यांची सोय होती : पहिलीस ४५ व ५५ युनिटांची, दुसरीस ४२ व ५१.४ युनिटांची. युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. आपल्या घरच्या विजेच्या बिलांत जें युनिट असतें तेंच हें. हे सर्व आंकडे त्या त्या सालचे आहेत, हें लक्षांत ठेवून खरेदीच्या दिवशीं ते पुन्हां विचारून घ्यावे.

जाहिरातींत सर्वांत मोठ्या अक्षरांनीं छापलेला आंकडा म्हणजे एका भरणींत गाडी किती किलोमीटर जाईल हा. मोठ्या बॅटरीच्या कर्व्हसाठीं प्रथम ५८५ हा आंकडा जाहीर झाला. मोठ्या बॅटरीच्या क्रेटासाठीं ४७३. हे दोन आंकडे शेजारीं ठेवले कीं, पहिली गाडी ११२ किलोमीटरांनीं सरस, असा निकाल मुलें तत्काळ देतात. परंतु ५८५ हा आंकडा परीक्षेच्या केवळ शहरांतील संथ चालीच्या भागाचा होता. जलद चालीचा भागही त्यांत मिळविला तेव्हां त्याच गाडीचा आंकडा ५०२ झाला. आतां ५०२ ला ५५ नें भागा : एका युनिटास सुमारें ९.१ किलोमीटर. ४७३ ला ५१.४ नें भागा : सुमारें ९.२ किलोमीटर. म्हणजे विजेच्या काटकसरींत दोन्ही गाड्या जवळजवळ बरोबरीच्या. जें अंतर उरतें तें बहुतांशीं बॅटरीच्या आकाराचें. दोन विद्यार्थ्यांचे गुण ताडून पाहतांना प्रश्नपत्रिका एकच होती काय, हें जसें आधीं विचारावें लागतें, तसेंच हें आहे.

शिवाय ही परीक्षा प्रयोगशाळेंत होते. तेथें सायन-पनवेल रस्त्यावरील कोंडी नसते, आणि वैशाखांतील उन्हामुळें गारव्याचें यंत्रही सतत चालवावें लागत नाहीं. कर्व्हची मोठी बॅटरी प्रत्यक्ष वापरांत ४०० ते ४२५ किलोमीटर नेईल, असा अंदाज स्वतः कंपनीनेंच दिला होता. म्हणजे युनिटास साडेसात किलोमीटरांच्या आसपास. घरचा हिशेब थोडा हात राखूनच करावा, म्हणून पुढील गणितांत आम्ही दोन्ही गाड्यांस युनिटामागें सात किलोमीटर धरतों.

आतां गाडी बाजूस ठेवून आपल्या नित्यक्रमाकडे पाहूं. खारघरहून वाशीस कामावर जाऊन परत येणाऱ्या गृहस्थाचें रोजचें अंतर सुमारें तीस किलोमीटर होतें. त्यास साडेचार युनिटेंही लागत नाहींत; आठवड्याचे सहा दिवस धरले तरी सव्वीसच्या आसपास. म्हणजे लहान बॅटरीसुद्धां आठवडाभर पुरून उरते. मोठ्या बॅटरीसाठीं लाखाहून अधिक रुपये जास्त मोजावयाचे, तर ते कोणत्या प्रवासासाठीं, हें आधीं स्पष्ट झालें पाहिजे.

असा प्रवास बहुधा पुण्याचा असतो. वाशीहून पुणें सुमारें सव्वाशे किलोमीटर, आणि मध्यें बोरघाट. खोपोलीहून लोणावळ्याची चढण सुमारें साडेपांचशे मीटरांची. गाडी, माणसें व सामान मिळून दोन हजार किलो वजन धरलें, तर तें इतकें वर उचलण्यास लागणारें कार्य २००० × ९.८ × ५५०, म्हणजे सुमारें १ कोटि ८ लक्ष जूल. एका युनिटांत ३६ लक्ष जूल असतात. तेव्हां घाट चढण्याचा खर्च तीन युनिटें, व यंत्रांतील घट धरून साडेतीन. घाटाची धास्ती घेणाऱ्यांस हें उत्तर लहान वाटेल; पण रस्ता वळणाचा असो वा सरळ, उंची तीच असल्यानें उचलण्याचें कार्यही तेंच राहतें. उतरतांना मोटर उलट कामास लागून वीज निर्माण करते व खर्चाचा कांहीं भाग बॅटरींत परत येतो. ही युक्तीही जुनीच आहे : १९३० च्या सुमारास ह्याच घाटांत धांवूं लागलेलीं विजेचीं एंजिनें उतरणीवर वीज तारेंत परत करीत असत. घाटापेक्षां अधिक वीज खातो तो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशी ८० ऐवजीं १०० किलोमीटरांनीं गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. हें सर्व धरून पुण्यास जाऊन येण्यास चाळीस युनिटांच्या घरांत वीज लागते. लहान बॅटरीस हें जेमतेम, मोठीस सुखाचें. जो दर आठवड्यास पुण्यास जातो त्यानें मोठी घ्यावी. जो वर्षांतून दोनदां जातो त्यानें लहान घेऊन वाटेंत थोडा वेळ थांबावें.

वाटेंत थांबण्याचा वेळही ताडून पाहण्यासारखा आहे. मोठ्या बॅटरीची क्रेटा ५० किलोवॅटच्या यंत्रावर दहा टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत भरण्यास ५८ मिनिटें लागतात, व मोठ्या बॅटरीची कर्व्ह ७० किलोवॅटच्या यंत्रावर सुमारें ४० मिनिटांत तितकी भरते, असें कंपन्यांनीं सांगितलें होतें. मात्र रस्त्यावरील यंत्रच कमी शक्तीचें असेल, तर गाडीची अधिक क्षमता निरुपयोगी ठरते.

परंतु ह्या सर्वांच्या आधीं सोडवावयाचा प्रश्न घरच्या आवारांतला आहे. नवी मुंबईंत बहुतेक कुटुंबें सोसायट्यांतून राहतात : घर सहाव्या मजल्यावर, गाडी तळाशीं, आणि विजेचे मीटर तिसऱ्याच कोपऱ्यांत. आपली गाडी ठेवण्याची जागा कायमची ठरलेली आहे काय ? मीटरच्या खोलीपासून तेथवर तार कोणत्या मार्गानें व कोणाच्या खर्चानें येईल ? सोसायटीच्या समितीची लेखी संमति मिळाली काय ? मोटारीसाठीं स्वतंत्र वीजजोडणी मागण्याची सोय केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांनीं झाली आहे. तेव्हां महावितरणकडे अर्ज करून मंजूर भार तपासून घ्यावा. साधी १५ अँपियरची जोडणी २३० व्होल्टवर ताशीं सुमारें तीन युनिटें देते. खारघरच्या त्या गृहस्थाची रोजची गरज तींतून दोन तासांच्या आंत भागते. मात्र रिकामी मोठी बॅटरी पूर्ण भरावयाची तर अठरा तासांहून अधिक लागतील. खिडकींतून सोडलेली लांब तार, सैल प्लग, अर्थिंग नसलेली जोडणी, ह्या गोष्टी सर्वथा वर्ज्य समजाव्या. जोडणीचा प्रश्न सुटेपर्यंत दोन गाड्यांची तुलना व्यर्थ होय. कारण भरतां न येणारी बॅटरी लहान काय आणि मोठी काय, सारखीच.

पावसाचाही विचार हवा. आपलें शहर खाडीकांठच्या सखल भूमीवर वसलें आहे. भरतीच्या वेळीं पाणी सांठविण्यासाठीं सिडकोनें येथें मोठीं तळीं बांधलीं आहेत. बॅटरीवर ‘आयपी ६७’ अशी खूण असते, तिचा अर्थ एक मीटर पाण्यांत अर्धा तास राहिली तरी आंत पाणी शिरत नाहीं, इतकाच आहे. भुयारी रस्त्यांतील पाण्यांत गाडी घालण्याचा तो परवाना नव्हे. भरणीची जोडणीही तळघरांत पाणी चढतें त्या रेषेच्या वर बसवावी.

आतां जें उरलें तें डोळ्यांनीं व अंगानें तपासण्याचें. कर्व्हची सामानाची जागा ५०० लिटरांची, क्रेटाची ४३३. उलट पुढील व मागील चाकांतील अंतर क्रेटाचें २६१० मिलिमीटर, कर्व्हचें २५६०. कर्व्हचें छप्पर मागें उतरत जातें. तेव्हां आजी-आजोबांस व घरांतील सर्वांत उंच माणसास मागील आसनावर बसवून, चढतां-उतरतां त्रास होतो काय, तें पाहावें. बॅटरीची हमी प्रारंभीं दोहोंचीही आठ वर्षें किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर होती. २०२५ सालीं टाटांनीं कर्व्हच्या पहिल्या मालकासाठीं ती वाढवून पंधरा वर्षांची केली. ‘पहिल्या मालकासाठीं’ हे शब्द, जुनी गाडी घेणाऱ्यानें विशेष वाचावे.

शेवटीं पैसा. समजा, युनिट दहा रुपयांस, पेट्रोल लिटरास १०५ रुपये, आणि जुनी गाडी लिटरास चौदा किलोमीटर जाते. वर्षाकांठीं दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्यास पेट्रोल ७५ हजारांचें व वीज सुमारें १४ हजारांची. बचत ६० हजारांहून थोडी अधिक. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानें अटल सेतु व पुण्याचा द्रुतगति मार्ग ह्यांवर विजेच्या मोटारींस टोलची माफीही दिली. पण तोच माणूस वर्षांत तीन हजार किलोमीटरच फिरत असेल, तर बचत अवघी १८ हजारांची. कर्जाचें व्याजच तिच्याहून कितीतरी अधिक भरेल. अशा घरानें आगगाडीचा पास व जुनी मोटार ह्यांवर आणखी कांहीं वर्षें काढलीं, तर तें शहाणपणाचेंच ठरेल.

विद्यार्थ्यांनीं घरीं एक काम करावें. वहींत महिनाभर रोजचें अंतर लिहावें; लांबच्या प्रवासांची वर्षाची यादी वडिलांस विचारून करावी; गाडीच्या जागेपासून मीटरपर्यंतचें अंतर टेपनें मोजावें; आणि आपल्या बिलांतील युनिटाचा दर पाहून वरील हिशेब पुन्हां करावा. एवढें झाल्यावर दोन गाड्यांच्या माहितीपत्रकांस हात घालावा. विक्रेत्याच्या दुकानांत सही करण्यापूर्वीं ही वही वडिलांच्या हातीं असली, तर तिचा उपयोग रंगीत माहितीपत्रकांहून खात्रीनें अधिक होईल.