चेक म्हणजे पैसे नव्हेत : टपालाच्या थैलीतून उघडणारे बचत खाते



मुलाला बक्षिसाचा किंवा मदतीचा चेक मिळाला की घरात आनंद होतो. चेक सगळ्यांना दाखवला जातो आणि मग जपून ट्रंकेत ठेवला जातो. हे जपणेच कधी कधी नुकसानीचे ठरते. चेक म्हणजे पैसे नव्हेत. 'या माणसाला इतके रुपये द्या' अशी आपल्या बँकेला दिलेली ती लेखी आज्ञा आहे, आणि तिला मुदत असते. पूर्वी ही मुदत सहा महिने होती. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिने झाली. चेकवरील तारखेपासून तीन महिने उलटले की तो नुसता कागद उरतो.

दुसरी गोष्ट अशी की चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहिलेले असेल, तर ते पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत. ज्याचे नाव चेकवर आहे त्याच्याच खात्यात ते जमा होतात. म्हणजे मुलाच्या नावाचा चेक असेल तर मुलाच्या नावाचे खाते लागते, आणि तेही तीन महिन्यांच्या आत. खाते नसेल तर कष्टाने मिळवलेले पैसे डोळ्यांसमोर असून हाती येत नाहीत. म्हणून या अंकात आम्ही पोस्टाच्या साध्या बचत खात्याची माहिती देत आहोत.

पोस्टात पैसे का?

पोस्टात बचत ठेवण्याची कल्पना इंग्लंडमध्ये १८६१ साली अमलात आली. बँका शहरांत होत्या, पण पोस्ट खेड्यापर्यंत पोचले होते. गरीब माणसाचे चार पैसे सुरक्षित राहावेत हा त्यामागचा विचार. हिंदुस्थानात १८७३ साली सरकारी बचत बँकांचा कायदा झाला आणि १८८२ साली पोस्टातील बचत बँक सुरू झाली. तेव्हा आपला कारवार जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात आला आणि १९७३ पासून त्या राज्याला आपण कर्नाटक म्हणतो. राज्य बदलले, पाट्यांची लिपी बदलली, पण पासबुकामागची हमी पूर्वीही सरकारची होती आणि आजही भारत सरकारचीच आहे.

आमच्या पिढीच्या कित्येक शाळांत 'संचयिका' असे. मुले पाच-दहा पैसे जमा करीत, वही मुलेच लिहीत आणि गोळा झालेली रक्कम पोस्टाच्या खात्यात जाई. हिशोब शिकण्याची ती उत्तम शाळा होती. आज मुलाचे स्वतःचे खातेच ती जागा घेऊ शकते, कारण दहा वर्षे पूर्ण झालेले मूल पोस्टात स्वतःच्या नावाने खाते उघडून स्वतःच्या सहीने चालवू शकते. त्याहून लहान मुलाचे खाते पालकांनी त्याच्या वतीने उघडावे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर नवीन अर्ज आणि कागदपत्रे देऊन ते सज्ञान व्यक्तीचे खाते करून घ्यावे लागते.

थैलीतला प्रवास

आपल्या भागातील खेड्यांतली पोस्टे बहुतेक शाखा डाकघरे आहेत. तेथील पोस्टमास्तर ग्रामीण डाक सेवक असतात. शाखेचा हिशोब मात्र वरच्या उपडाकघरात राहतो. त्यामुळे कागदी अर्जाने खाते उघडताना आपला अर्ज टपालाच्या थैलीतून उपडाकघरात जातो, तेथे खात्याला नंबर पडतो आणि पासबुक थैलीतूनच परत येते. बँकेच्या काउंटरवर जे काम एका टेबलावर होते, ते आपल्याकडे दोन गावांत आणि एका थैलीत होते. शाखांना आता यंत्रे मिळाली आहेत आणि पुष्कळ कामे जागच्या जागी होतात, पण दाट जंगलात रेंज नसली की यंत्रही वाट पाहते. पावसाळ्यात झाड पडून रस्ता बंद झाला तर थैलीही अडकते.

म्हणून पहिला नियम : पैसे किंवा चेक दिला की छापील पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पासबुक येईपर्यंत ती पावती हाच आपला पुरावा. पावतीवर नाव, रक्कम, तारीख आणि चेक असल्यास चेकचा नंबर बरोबर आहे का ते मुलांनी स्वतः वाचावे.

काय काय लागते?

खाते किमान ५०० रुपयांनी उघडते. अर्ज, फोटो, आधार आणि मुलाच्या बाबतीत जन्मदाखला लागतो. १ एप्रिल २०२३ पासून अल्पबचतीच्या नवीन खात्यांना आधार आवश्यक झाले आहे. पॅन कार्ड सुरुवातीला दिले नसेल तर खात्यात ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक झाल्यावर दोन महिन्यांत द्यावे लागते. वारसाचे नाव अर्जातच लिहावे लागते. एका माणसाला एकट्याच्या नावाने असे एकच खाते उघडता येते.

नावाच्या बाबतीत आपल्याकडे विशेष काळजी हवी. शाळेच्या दाखल्यावर एक रूप, आधारवर कानडीतून इंग्रजीत गेलेले दुसरे रूप, चेकवर तिसरे. कुणाचा 'गावडा' एका कागदावर 'गावडे' होतो. जुन्या कागदांवर तालुका 'सुपा' असतो, नव्यावर 'जोयडा'. नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधारवर जसे आहे तसेच अर्जावर लिहावे, आणि चेक देणाऱ्यालाही तेच कळवावे.

कानडी पाटी पाहून बिचकू नये. 'अंचे कचेरी' म्हणजे पोस्ट ऑफिस, 'उळिताय खाते' म्हणजे बचत खाते. 'खाते' आणि 'सही' हे शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहेत.

चेकने खाते उघडायचे तर

समजा, वडील मडगावला कामाला आहेत आणि त्यांनी मुलीच्या खात्यासाठी चेक पाठवायचे ठरवले. त्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. खाते उघडण्यासाठीचा चेक ज्या पोस्टात खाते आहे तेथील पोस्टमास्तरांच्या नावाने काढावा. नेमके काय लिहायचे ते आधी विचारून घ्यावे, कारण खोडाखोड केलेला चेक परत येतो.

२. चेकवर दोन रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहावे. बेअरर चेक किंवा रोख नोटा पाकिटात घालून पाठवू नयेत.

३. चेकच्या मागे मुलीचे नाव आणि फोन नंबर पेन्सिलीने नव्हे, शाईने लिहावा. खाते आधीच असेल तर खाते नंबरही लिहावा.

४. पाकीट साध्या टपालाने न पाठवता स्पीड पोस्टने पाठवावे. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. पावतीवरचा नंबर घरी कळवावा.

५. चेक काढण्याआधी आपल्या खात्यात तितकी रक्कम आहे याची खात्री करावी. चेक न वटल्यास दंड बसतो, वेळ जातो, आणि प्रकरण वाढले तर तो कायद्याने गुन्हाही ठरू शकतो.

चेकने उघडलेल्या खात्याची तारीख चेक दिला त्या दिवसाची नसते, चेकचे पैसे वसूल होऊन सरकारच्या खात्यात जमा झाले त्या दिवसाची असते. आता चेकचा कागद गावोगाव फिरत नाही, त्याचे चित्र संगणकावरून जाते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून बँकांमधले चेक त्याच दिवशी वटवण्याची पद्धत सुरू झाली आहे. पण आपला चेक थैलीतून क्लिअरिंगच्या ठिकाणी पोचेपर्यंतचे दिवस त्यात धरलेले नाहीत. म्हणून आमचा सल्ला असा की आधी ५०० रुपये रोख भरून खाते उघडून घ्यावे आणि चेक नंतर चालू खात्यात भरावा. मग चेकला उशीर झाला तरी खाते अडत नाही.

आणखी एक सोय आहे. मे २०२२ पासून बँकेतून पोस्टाच्या खात्यात थेट पैसे पाठवता येतात. सगळ्या पोस्टांना मिळून एकच आयएफएससी आहे : आयपीओएस, मग चार शून्ये, मग डीओपी. हा आणि खाते नंबर कळवला की मडगावहून चेक पाठवण्याची गरजच उरत नाही.

दहा तारखेचा हिशोब

या खात्यावर १ डिसेंबर २०११ पासून वर्षाला ४ टक्के व्याज आहे. त्याआधी साडेतीन टक्के होते. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरीपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज धरतात. या काळात शिल्लक ५०० च्या खाली गेली तर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही.

सातवी-आठवीच्या मुलांनी हे गणित सोडवावे. खात्यात ५०० रुपये आहेत. ८ जूनला ५,००० रुपये रोख भरले, तर त्या रकमेचे जूनचे व्याज ५,००० × ४ ÷ १०० ÷ १२ म्हणजे सुमारे १६ रुपये ६७ पैसे. तीच रक्कम ८ जूनला चेकने दिली आणि पैसे १३ जूनला जमा झाले, तर त्या ५,००० वर जूनचे व्याज शून्य. रक्कम लहान आहे, पण तारीख कुठली मोजली जाते हे यातून कळते.

आर्थिक वर्षाच्या अखेरीस शिल्लक ५०० च्या खाली राहिली तर ५० रुपये कापले जातात, आणि कापता कापता शिल्लक शून्य झाली तर खाते आपोआप बंद होते. लागोपाठ तीन आर्थिक वर्षे काहीच देवघेव झाली नाही तर खाते मूक धरले जाते आणि पुन्हा अर्ज करून जागे करावे लागते. म्हणून वर्षातून एकदा तरी दहा-वीस रुपये भरावेत.

पासबुक आपल्या हाती

आमच्या मते हा सर्वांत मोठा नियम आहे. पासबुक पोस्टातच ठेवून येण्याची सवय लागू देऊ नये. ते नोंदीसाठी द्यावे लागले तर त्याचीही पावती घ्यावी. प्रत्येक भरण्यानंतर रक्कम, शिल्लक आणि तारखेचा शिक्का पाहावा. कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा देऊ नये. यात पोस्टमास्तरांवर अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही. नोंद पाहून घेणे हा खातेदाराचा हक्क आहे, आणि प्रामाणिक पोस्टमास्तरांना त्याचा आनंदच होतो. ज्या घरात आजी-आजोबांना वाचता येत नाही, तेथे हे काम पाचवीच्या मुलानेही करावे. शिकलेले अक्षर घराच्या उपयोगी पडावे यासाठीच शाळा असते.

विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे की मुलांना मदत देताना आधी खाते नंबर मागून घ्यावा आणि शक्य असेल तर रक्कम थेट खात्यात पाठवावी. चेकच द्यायचा असेल तर आधारवरील स्पेलिंग पाहूनच नाव घालावे. पालकांना विनंती की दहा वर्षांवरील ज्या मुलांचे खाते नाही, त्यांचे कागद पावसाचा जोर वाढण्याआधी तयार ठेवावेत. अर्ज भरताना अडचण आली तर शाळेच्या कार्यालयात यावे, आम्ही बरोबर बसून भरून देऊ.



मुख्याध्यापक