शोरबा थोडा वाढवा

घरात सालन शिजत असेल तर त्यात पाणी जरा जास्त घालावे आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना दिली होती. सहीह मुस्लिममधली ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी मकतबमध्ये किंवा घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असते. तिच्यातली एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. गोश्त वाढवा, असे तिथे सांगितलेले नाही. पाणी वाढवा, असे सांगितले आहे. गोश्त वाढवायला खिशात पैसे लागतात, पाणी वाढवायला फक्त नियत लागते. त्यामुळे “आमची काय ऐपत!” ही सबब कुणालाच उरत नाही.

शोरबा आणि शेजार यांचे हे नाते आपल्यापुरतेच नाही. आपल्यापासून दूर, पॅसिफिक महासागराच्या कडेला, सात हजारांहून अधिक बेटांचा एक देश आहे. फिलिपिन्स. तिथल्या घराघरांत एक साधा शोरबा शिजतो आणि तो एकट्याने प्यायचा नसतो, असे तिथली माणसे मानतात. तो शोरबा आणि ती माणसे आपल्या वाचकांना परकी वाटू नयेत, म्हणून हा लेख.

आखातातली ओळख

रत्नागिरी, रायगडातल्या आपल्या कितीतरी घरांतली माणसे दोन-तीन पिढ्यांपासून दुबई, कुवेत, दोहा, मस्कत इथे नोकरीला आहेत. तिथे इस्पितळात इंजेक्शन देणारी नर्स फिलिपिनो असते, दुकानात बिल करणारी मुलगी फिलिपिनो असते आणि एकाच फ्लॅटमधल्या शेजारच्या खोलीत राहणारा कामगारही फिलिपिनो असतो. माझा मावसभाऊ असाच एका फ्लॅटमध्ये राहत होता. स्वयंपाकघर सगळ्यांचे मिळून एक. आपली भांडी त्याने पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवली होती, कारण फिलिपिनो जेवणात डुकराचे मांस सर्रास असते. शेजाऱ्यालाही त्याने ते नीट समजावून सांगितले होते आणि त्याने ते मनाला लावून घेतले नव्हते.

एकदा भाऊ तापाने अंथरुणाला खिळला. तिसऱ्या दिवशी शेजारी वाटी घेऊन दारात उभा. भावाने विचारण्याआधीच त्याने सांगून टाकले, की कोंबडी तू नेहमी आणतोस त्याच दुकानातली आहे आणि पातेले तुझेच वापरले आहे. वाटीत पातळ, फिकट शोरबा होता. आल्याचा वास येत होता आणि वर हिरवी बारीक पाने तरंगत होती. भावाने ती पाने ओळखली आणि रात्री घरी फोन केला, “अम्मी, हे लोक कोंबडीत शेवग्याचा पाला घालतात!” खाला क्षणभर गप्प राहिल्या आणि मग एवढेच म्हणाल्या, “पोटभर प्यायलास ना? मग त्याला दुवा दे.”

त्या शोरब्याचे नाव तिनोला.

तिनोला म्हणजे काय

आले, कांदा, लसूण तेलात परतायचे, त्यावर हाडासकट कोंबडीचे तुकडे, मग पाणी. कोंबडी शिजत आली की कच्च्या पपईच्या फोडी. शेवटी शेवग्याचा पाला. त्याला तिकडे मलुंगाय म्हणतात. पाल्याऐवजी कुणी मिरचीच्या झाडाची पानेही घालतात. हळद नाही, गरम मसाला नाही, तिखट नाही. खारटपणासाठी पातिस, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेले पाणी. पुष्कळ घरांत साध्या पाण्याऐवजी तांदूळ धुतलेले पाणी वापरतात. पहिले धुवण टाकून द्यायचे आणि दुसरे शोरब्यात घालायचे. त्याने शोरब्याला थोडा दाटपणा येतो. अन्नाचा कण वाया जाऊ न देणारी आपल्याकडची जुनी बाईही हेच करेल.

आजारी माणसाला, पावसात भिजून आलेल्या मुलाला आणि विशेषतः बाळंतिणीला तिनोला देतात. मलुंगायने आईला दूध येते, असे तिथल्या आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत. आपल्याकडे बाळंतिणीला हळिवाचे लाडू आणि यखनी देतात, त्यामागे हीच माया आहे. तिकडे नव्या आईच्या घरी शेजारणींकडून पाला येतो. झाड कुणाच्याही अंगणात असो, मूठभर पाला मागायला संकोच वाटत नाही.

मान आणि पंख

या साध्या शोरब्याला फिलिपिन्सच्या इतिहासातही जागा आहे. तिथले राष्ट्रनायक होसे रिझाल यांची ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी 1887 साली बर्लिनमध्ये छापली गेली. स्पॅनिश राजवटीतला अन्याय तिने जगापुढे मांडला. पुढे 30 डिसेंबर 1896 रोजी रिझाल यांना मनिलामध्ये गोळ्या घालून मारण्यात आले. या कादंबरीच्या सुरुवातीलाच एक मेजवानी आहे आणि तिथे तिनोला वाढला जातो. युरोपातून नुकत्याच परतलेल्या तरुण नायकाच्या ताटात चांगले तुकडे येतात. रुबाबात वावरणाऱ्या स्पॅनिश पाद्री दामासोच्या वाट्याला मात्र कोंबडीची मान आणि पंख येतो. त्याचा संताप होतो. दुसऱ्याच्या घरी बसून फुकट जेवणारा माणूस तुकड्यावरून चिडतो, हे दाखवून रिझाल यांनी सत्तेची सगळी मिजास एका वाटीत उघडी केली.

हा प्रसंग वाचला की मला वेगळाच प्रश्न पडतो. आपल्या दस्तरखानावर मान आणि पंख कुणाच्या वाट्याला येतात? पाहुणे झाले, पुरुष झाले, मुले झाली, की पातेल्याच्या तळाशी जे उरते ते कुणाचे असते? जे एका दिवशी मिळाले म्हणून पाद्री दामासो संतापला, ते आपल्या अनेक घरांतली सून रोज मुकाट्याने खाते. अन्न वाटून खाण्याची गोष्ट शेजाऱ्याच्या दारापर्यंत नेण्याआधी ती आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून सुरू व्हायला हवी. वाढणाऱ्या हाताचीही वाटी आधी भरून बाजूला ठेवावी. यात कुणाचा मान कमी होत नाही.

“या, जेवायला या”

फिलिपिन्समध्ये कुणी जेवत असेल आणि समोरून ओळखीचा माणूस गेला, तर जेवणारा हटकून म्हणतो, “काइन तायो”, म्हणजे चला, जेवू या. भेटल्यावर पहिला प्रश्न पुष्कळदा “कुमाइन का ना?” असा असतो. जेवलास का? आपल्याकडेही खेड्यात हाच प्रश्न विचारतात. बोलावणारा मनापासून बोलावतो आणि समोरचा बहुतेक वेळा हसून नाही म्हणतो, पण विचारल्याशिवाय घास तोंडात घालणे त्यांना बरे वाटत नाही. मिळून बसून जेवण्याला त्यांच्याकडे सालो-सालो असा शब्दच आहे. दोघांचे जेवण तिघांना आणि तिघांचे चौघांना पुरते, या हदीसच्या आशयाशी ही रीत किती जवळची आहे!

एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या कडक निर्बंधांच्या काळात, मनिलाला लागून असलेल्या केझोन सिटीत आना पॅट्रिशिया नॉन या तरुणीने मागिनहावा रस्त्याच्या कडेला बांबूची एक हातगाडी उभी केली. तिच्यावर थोडे तांदूळ, भाजीपाला, डबाबंद पदार्थ ठेवले आणि पाटी लावली. ज्याला जमेल त्याने द्यावे, ज्याला गरज आहे त्याने गरजेपुरते न्यावे, असा तिचा अर्थ होता. नाव नोंदवायचे नाही, ओळखपत्र दाखवायचे नाही. काही दिवसांत देशभर अशा शेकडो गाड्या उभ्या राहिल्या. सरकारी यंत्रणेतल्या काहींनी यात राजकारण शोधले, काम थोडा वेळ थांबवावेही लागले, पण लोकांनी साथ दिली आणि गाडी पुन्हा सुरू झाली. नेमका तेव्हाच रमजान सुरू झाला होता. डाव्या हाताला कळू नये असे उजव्या हाताने देण्याचा आपला आदर्श त्या पाटीत मला दिसतो.

दक्षिणेचा काळा शोरबा

फिलिपिन्स मुख्यतः कॅथलिक ख्रिश्चनांचा देश आहे. 2020 च्या जनगणनेनुसार तिथे मुस्लिमांचे प्रमाण 6.4 टक्के आहे. परंतु इस्लाम तिथे स्पॅनिशांच्या आधी पोहोचला. तावी-तावी प्रांतातल्या सिमुनुल बेटावरची शेख करीमुल मखदूम मशीद 1380 साली उभारली गेली, असे मानले जाते. मॅगेलनची जहाजे आली ती 1521 मध्ये. आज दक्षिणेतल्या मिंदानाओ आणि सुलू भागांत तौसुग, मारानाओ, मागिंदानाओ असे अनेक मुस्लिम समाज राहतात. 2002 च्या कायद्याने ईद-उल-फित्र ही तिथे राष्ट्रीय सुट्टी झाली आहे.

तौसुग घरांत ईदला आणि लग्नाला जो शोरबा शिजतो, त्याचे नाव तियुला इतुम. इतुम म्हणजे काळा. नारळ अगदी काळा होईपर्यंत भाजतात, तो आले, लसूण, हळद, गवती चहा, मिरची यांच्याबरोबर वाटतात आणि त्या वाटणात गाईचे किंवा बकऱ्याचे गोश्त शिजवतात. आपल्या कोकणी घरात भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचा जो वास असतो, त्याचा हा दूरचा भाऊ. गंमत अशी, की ‘तिनोला’ आणि ‘तियुला’ ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. उत्तरेतल्या ख्रिश्चनाचा फिकट शोरबा आणि दक्षिणेतल्या मुसलमानाचा काळा शोरबा यांचे मूळ नाव एकच.

या दोन समाजांत संघर्षही खूप झाला. मे 2017 मध्ये मरावी या मुस्लिम बहुसंख्य शहरावर अतिरेक्यांनी कब्जा केला आणि पाच महिने लढाई चालली. रमजान सुरू व्हायला चारच दिवस उरले होते. लाखो माणसे बेघर झाली. त्या भयंकर दिवसांत मरावीतल्या काही मुस्लिम कुटुंबांनी ख्रिश्चन कामगारांना आणि शेजाऱ्यांना आपल्या घरात लपवले आणि पुढे त्यांना शहराबाहेर काढायला मदत केली. बाहेर गोळ्या चालू असताना आपल्या छताखाली दुसऱ्याला घेणे म्हणजे घरातल्या तांदळाचा हिशेब नव्याने मांडणे. वाटून खाणे ही नुसती रीतभात नसते, कधी कधी त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

घरी करून पाहा

तिनोलाला लागणारे बहुतेक सगळे आपल्या परसात आणि बाजारात मिळते.

*साहित्य:* हाडासकट हलाल कोंबडी 1 किलो, आल्याचे उभे बारीक काप पाव वाटी, उभा चिरलेला कांदा 1, ठेचलेला लसूण 6 पाकळ्या, लहान कच्ची पपई 1, शेवग्याचा कोवळा पाला 2 मुठी, तेल 2 चमचे, मीठ, मिरपूड, पाणी किंवा तांदळाचे दुसरे धुवण 7 ते 8 वाट्या.

*कृती:* तेलात आले आधी परतावे, मग कांदा व लसूण. कोंबडी आणि मीठ घालून पाच मिनिटे हलवावे. पाणी घालून उकळी आली की वरचा फेस काढावा आणि मंद आचेवर अर्धा तास शिजू द्यावे. पपईच्या साल-बिया काढून केलेल्या फोडी घालून त्या मऊ होईपर्यंत शिजवाव्यात. गॅस बंद करण्याआधी एक मिनिट पाला घालावा. जास्त शिजला तर कडवट लागतो. गरम भाताबरोबर वाढावे, वर लिंबू पिळावे. पातिस नसले तरी मिठाने काम भागते. आपल्याकडे गरोदरपणात कच्ची पपई टाळतात, अशा वेळी दुधी घालावा.

वाटी कुणाला पाठवायची?

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला का, असे त्यांनी घरच्यांना पुन्हा विचारले होते. तिर्मिजी आणि अबू दाऊद या संग्रहांत हा प्रसंग आहे. शेजाऱ्याचा हक्क त्याचा धर्म पाहून ठरत नाही, हे त्यातून कळते.

आज आपल्या इमारतींत दारे बंद असतात. समोरच्या घरात कोण राहते, हे दारावरच्या पाटीपुरते ठाऊक असते. काही शेजारी आपल्याकडचे खात नाहीत आणि आपणही सगळ्यांकडचे खात नाही. त्यात रागवण्यासारखे काही नाही. माझ्या भावाच्या शेजाऱ्याने दाखवले तसे एकमेकांचे पथ्य माहीत करून घेतले, की मार्ग निघतो. शाकाहारी शेजाऱ्याला शोरब्याऐवजी फळे पाठवा, खजूर पाठवा. कुणी आपल्याला काही आणून दिले तर त्यात काय आहे, हे मोकळेपणाने आणि गोड शब्दांत विचारा. विचारल्याने नाती तुटत नाहीत, मनात ठेवून ताट परत केल्याने तुटतात.

आणि आलेले भांडे रिकामे परत करू नये, ही आपल्या आजी-नानींची रीत पुन्हा सुरू करू या. त्यात साखर घाला, चार लिंबे घाला, नाहीतर शेवग्याचा मूठभर पाला घाला. या आठवड्यात घरात सालन शिजेल तेव्हा पातेल्यात दोन वाट्या पाणी जास्त पडू द्या. अल्लाह त्यात बरकत देवो. आमीन.