माफ केलं, मग केस कायले?

बपेऱ्याकडे, बावनथडीच्या काठाला, रोवणीच्या दिवसांत भांडण पेटतं ते धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून. रात्री कोणीतरी धुरा फोडतो, बांधीतलं पाणी निघून जातं आणि सकाळी कालच रोवलेले पऱ्हे उघड्या चिखलात माना टाकून असतात. जाब विचारायला गेलं की काठी निघते. आमच्यावरही एकदा ती पाळी आली. डोक्याला चार टाके पडले. तक्रार दिली त्याच संध्याकाळी छपरीत मध्यस्थ हजर. "तुम्ही तं ख्रिश्चन माणसं जी. तुमच्यात माफ कराच लागते. मंग केस कायले?"

हे वाक्य आता इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. म्हणणारा काठीवाल्याच्या घरी कधी जात नाही, हे आणखी एक.

सत्तर वेळा सात क्षमा सर्वांना पाठ असते. ती मत्तयाच्या 18 व्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात, थोडं आधी (ओव्या 15 ते 17), अपराध्याला आधी एकट्याला गाठून त्याची चूक सांगा, ऐकलं नाही तर एकदोन साक्षीदार न्या, तरीही नाही तर मंडळीपुढे मांडा, असा क्रम दिलाय. 2007 साली आलेल्या तंटामुक्त गाव मोहिमेला शोभेल असा! चूक झाकायला तिथे कुठेच सांगितलेलं नाही. रोमकरांस पत्राचा 12 वा अध्याय सूड घेऊ नका म्हणतो आणि लगेच 13 वा दंड देण्याचं काम राज्यकर्त्याकडे सोपवतो. म्हणजे सोडायचा तो आपला सूड. पौलाने स्वतः कैसराकडे दाद मागितली होती (प्रेषितांची कृत्ये 25:11). त्याला कोणी कच्चा ख्रिस्ती म्हणत नाही.

जवळचं उदाहरण घ्या. ओडिशातल्या मनोहरपूरला 1999 च्या जानेवारीत कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, फिलिप 10 वर्षांचा, टिमोथी 6 चा, गाडीत झोपलेले असताना जाळले गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं. खटला त्याने थांबला नाही. मुख्य आरोपी दारासिंगला 2003 मध्ये फाशी सुनावली गेली, 2005 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम ठेवली. कायद्याचंही तेच: किरकोळ मारहाणीत मार खाणारा तडजोड करू शकतो, खुनात मात्र मेलेल्याच्या घरच्यांनाही तो हक्क नाही.

क्षमेने काही फरकच पडत नाही, असंही नाही. मध्य प्रदेशात 1995 मध्ये सिस्टर राणी मारिया यांना बसमध्ये भोसकून मारणाऱ्या समंदरसिंगला त्यांच्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, 2002 मध्ये तुरुंगात जाऊन राखी बांधली. 2006 मध्ये तो सुटला, सिस्टर राणी मारियांच्या घरच्यांनी त्यासाठी शब्द टाकला म्हणूनही. पण तोवर अकरा वर्षं त्याने भोगली होती.

बाकीचं थोडक्यात. दुसरा गाल पुढे करा म्हणजे मुकाट मार खा? येशूला शिपायाने चपराक मारली तेव्हा त्याने "का मारतोस?" असा जाब विचारला (योहान 18:23). क्षमा म्हणजे विसरणं? टाके विसरत नाहीत. क्षमा केली की पुन्हा घरोबा हवाच? घरोब्याला दोघं लागतात, क्षमेला एक पुरतो.

मध्यस्थांना मी एवढंच म्हणालो, माफ तर त्याला मी कालच केलं. धुरा मात्र त्याने स्वतः येऊन बांधून द्यावा.

ते चहा न घेताच उठले.