कर्जाची सही आपली, मग क्राऊनचं ऑईल कोण बघणार?



ऊसतोडणीचा हंगाम तोंडावर आला की निरवांगी, निमसाखर, कळंब भागातल्या गाड्यांना विश्रांती नसते. ट्रॅक्टर भवानीनगर नाहीतर शहाजीनगरच्या कारखान्याकडे, छोटा टेम्पो भाजी घेऊन इंदापूर-बारामतीच्या बाजारात, पिकअप दुधाच्या कॅनवर. यातल्या कितीतरी गाड्यांच्या कर्जावर गटातल्या ताईची सही असते. हप्ता ती भरते, बैठकीत उत्तर तीच देते. पण गाडीचं काम निघालं की "ते गॅरेजवाला बघेल" म्हणून विषय संपतो.

म्हणून या अंकात गाडीतल्या एका विसरलेल्या जागेबद्दल लिहितेय. ती म्हणजे डिफरन्शियल, गॅरेजच्या भाषेत क्राऊन. इंजिन ऑईल कमी झालं तर समोर लाल दिवा लागतो. क्राऊनच्या ऑईलला असा दिवा नसतो. ते संपलं की आधी आवाज येतो आणि मग गाडी थांबते. ऑईलचं काम शेकड्यात होतं, क्राऊन-पिनियन गेलं की खर्च हजारांत जातो. गाडी उभी राहते, पण हप्ता उभा राहत नाही.

हे असतं काय?

टेम्पो किंवा पिकअपच्या मागून खाली वाकून बघा. दोन चाकांच्या मधल्या दांड्यावर फुगीर लोखंडी गोळा दिसेल. इंजिनाची ताकद शाफ्टमधून इथे येते आणि दोन्ही चाकांना वाटली जाते.

जुन्या जाणत्या ताईंना खळ्यातली मळणी आठवत असेल. तिवड्याला पात धरली की आतला बैल थोडकं चालतो, बाहेरच्याला जास्त चालावं लागतं. गाडी वळतानाही तसंच होतं. आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त. दोघांना आपापल्या गतीने फिरू देण्याचं काम हा गोळा करतो. आतले दात मोठ्या दाबाखाली एकमेकांवर घासतात, म्हणून तिथे साधं ऑईल टिकत नाही, घट्ट गिअर ऑईल लागतं.

तीनचाकी मालवाहू रिक्षा आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कार यांच्यात बहुधा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतं. तिथे हा वेगळा गोळा शोधत बसू नका.

कोणतं ऑईल?

दुकानात "नव्वद नंबर द्या" म्हटलं की डबा मिळतो, पण एवढ्यावर थांबू नका. डब्यावर ईपी ९०, ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० असं लिहिलेलं असतं, तो घट्टपणा. शेजारी जीएल-४ किंवा जीएल-५ असतं, ती दाब सोसायची ताकद. टेम्पो-पिकअपच्या मागच्या गोळ्याला बहुधा जीएल-५ लागतं, गिअरबॉक्सला पुष्कळदा जीएल-४. उरलेलं एकातलं दुसऱ्यात ओतू नका. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत कोणतं ऑईल, किती लिटर आणि किती किलोमीटरला बदलायचं, हे तिन्ही लिहिलेलं असतं. लहान गाड्यांना साधारण एक ते दोन लिटर पुरतं.

ट्रॅक्टरचं वेगळं आहे. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांना एकच ऑईल असतं आणि ते पट्टी काढून मोजतात. ऑईलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर कंपनीने सांगितलेलंच ऑईल टाका. तिथे साधं नव्वद नंबर चालत नाही.

भरायचं कशानं?

अडचण अशी की भरायचं भोक गोळ्याच्या बाजूला, गाडीखाली असतं. तिथे डबा तिरका करायला जागा नसते. चार पद्धती आहेत:

१. लांब तोटीची बाटली. थोडं कमी असेल तर पुरते. संपत आली की दाबून पिळावी लागते.

२. ऑईलची पिचकारी. दट्ट्या ओढून ऑईल आत घ्यायचं, नळी भोकात घालून दाबायचं. पाच-सहा फेऱ्या लागतील, पण स्वस्त आणि घरी ठेवण्यासारखी. दोन-तीन गटांत मिळून एक पुरेल.

३. बादलीवरचा हातपंप. गॅरेजात असतो. रोज काम असेल तरच परवडतो.

४. नरसाळं आणि पारदर्शक नळी. नरसाळं वर हौद्याच्या फळीला बांधायचं, नळी खाली भोकात सोडायची, ऑईल आपोआप उतरतं. थंडीत फार हळू उतरतं, म्हणून डबा आधी तासभर उन्हात ठेवा.

एक नक्की पाळा. फवारणीचा जुना पंप किंवा त्याची नळी यासाठी वापरू नका. आतलं औषध आणि पाणी ऑईलमध्ये जातं.

कामाची रीत

गाडी पाच-दहा किलोमीटर चालवून आणा, म्हणजे ऑईल पातळ होऊन सगळं निघतं. सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, किल्ली आपल्याजवळ ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. पंधरा मिनिटं थांबा, गरम ऑईलने हात भाजतो. पदर खोचून घ्या.

बुचांभोवतीची माती पुसा. आधी बाजूचं, भरायचं बूच उघडा. खालचं उघडून ऑईल सोडलं आणि वरचं गंजून अडकलेलं निघालं, तर गाडी कोरडी पडून राहील. वरचं उघडलं की मग खालचं खोला आणि ऑईल पत्र्याच्या घमेल्यात घ्या.

आता ते ऑईल नीट बघा. काळं असेल तर काळजी नाही. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. बुचाला चुंबक असेल तर त्यावर बारीक करडा गाळ दिसतो, तो चालतो. बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर गाडी पुढे न नेता मिस्त्रीला दाखवा.

खालचं बूच नवा वॉशर लावून घट्ट करा. बाजूच्या भोकातून भरत जा. ऑईल भोकाच्या खालच्या कडेला आलं आणि बाहेर ओघळू लागलं की थांबा. "थोडं जास्त असू दे" हा विचार इथे महागात पडतो. जादा ऑईल सील ओलांडून चाकाच्या ब्रेक लायनरवर उतरतं आणि ब्रेक लागत नाही.

गोळ्याच्या वरच्या बाजूला हवा जाण्यासाठी छोटी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती मातीने बुजली तर आतला दाब सील फोडतो. गाडी तापलेली असताना नीरेच्या किंवा ओढ्याच्या पाण्यात धुवायला घातली तर आतली हवा आकसते आणि याच वाटांनी पाणी ओढते. पुराच्या पाण्यातून गाडी आणली असेल तर ऑईल तपासाच.

जुनं ऑईल कुठे?

बांधावर, ओढ्यात, विहिरीजवळ अजिबात नाही. २०१६ च्या केंद्राच्या नियमांनुसार वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांना ऑईल देणाऱ्या गॅरेजकडे द्या. हात साबणाने धुवा.

गटात काय करायचं?

स्वतः गाडीखाली जायलाच पाहिजे असं नाही. पण काम चालू असताना तिथे उभं राहायचं आणि तीन प्रश्न विचारायचे: कोणतं ऑईल टाकलं, किती लिटर बसलं, जुनं कसं निघालं? उत्तरं वहीत तारीख आणि किलोमीटरसह लिहायची. कर्जाचा हप्ता जसा लिहितो तसंच.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी दोन गोष्टी बघून या: मीटरवरचा आकडा, आणि क्राऊनचं ऑईल शेवटचं कधी बदललं. दुसऱ्याचं उत्तर घरात कुणालाच सांगता आलं नाही, तर हंगाम सुरू व्हायच्या आत ते काम करून घ्या.