प्रकल्पाची कच्ची वही

सहामाही परीक्षा संपून दिवाळीची सुट्टी जवळ आली, की औरंगपुऱ्यातील स्टेशनरीच्या दुकानांत एक निराळीच गर्दी दिसू लागते. तिसरी ते सातवीच्या मुलांच्या माता शाळेने दिलेली यादी हातात घेऊन उभ्या असतात आणि दुकानदार सौरमाला, ज्वालामुखी, जलचक्र, पवनचक्की यांच्या तयार प्रतिकृती काउंटरवर मांडीत असतो. घरी आल्यावर तीवर मुलाचे नाव, इयत्ता व तुकडी लिहिलेली चिठ्ठी डकविली, की प्रकल्प पूर्ण झाला. आपण व्यापारी मंडळी. दुसऱ्याच्या कारखान्यातील माल आपल्या छापाने खपविणे याला बाजारात काय म्हणतात, हे आपणांस कोणी सांगावयास नको. दहा वर्षांच्या मुलाला मात्र आपण घरातच तो धडा देत आहोत, आणि त्याबद्दल त्याला गुणही मिळत आहेत.

हे गुण किरकोळ नाहीत. राज्यात २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तीत तिसरी-चौथीसाठी १०० पैकी ६० आणि पाचवी-सहावीसाठी ५० गुण आकारिक मूल्यमापनाला ठेवण्यात आले; म्हणजे तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय इत्यादींना. हेतू उत्तम होता. मुलाने हाताने काही करावे व करता करता शिकावे, हा विचार तसा जुना आहे. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीवर लिहिले, आणि आपल्याकडे १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची, म्हणजेच नयी तालीमची, कल्पना मांडली. टकळीवर सूत काढताना मुलाने तार मोजावेत, वजन करावे, कापूस कोठून आला हे विचारावे, अशी ती दृष्टी. टकळीची जागा थर्माकोलच्या ज्वालामुखीने केव्हा घेतली, हे कोणाच्या लक्षातही आले नाही. (थर्माकोलच्या सजावटीवर आपल्या राज्याने २०१८ मध्ये बंदी घातली, हेही फारसे कोणाच्या लक्षात नसावे.)

घरी किती वेळ द्यावा, यालाही मर्यादा सांगितलेली आहे. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्यात जास्तीत जास्त दोन तास, आणि सहावी ते आठवीला दिवसाला एक तास. ज्या प्रकल्पासाठी आईला रात्री बारापर्यंत कात्री घेऊन बसावे लागते, तो मुलाचा नव्हेच. तथापि सर्व दोष शिक्षकांच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. भरलेल्या वर्गातील प्रत्येक मुलाला प्रकल्पाविषयी पाच मिनिटे प्रश्न विचारण्याइतकी सवड त्यांना क्वचितच मिळते. मग जे चकाकते त्याला गुण पडतात. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरील छायाचित्रांची चढाओढ ही तर पूर्णतः आपलीच निर्मिती आहे.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला एक सवय जडली आहे: नोंद दिसली की व्हाउचर शोधायचे. आपल्या पेढ्यांवरही रोजमेळावाचून खतावणी होत नाही. प्रकल्पालाही अशी कच्ची वही असावी. काय मोजले, केव्हा मोजले, कोणास विचारले, कोठे चुकले, हे मुलाच्या वेड्यावाकड्या अक्षरांत, खाडाखोडीसह असावे. पक्का तक्ता त्यानंतर. कच्ची वही असेल, तर तक्ता कसाही असला तरी प्रकल्प खरा.

अशी वही भरण्यास सर्वांत सोयीची जागा म्हणजे आपले दुकान. गुलमंडी असो, सराफा असो वा मोंढा, सुट्टीत तासभर मुलाला तेथे बसवावे. कामाला जुंपण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. आणि मुलींनाही, हे मुद्दाम सांगतो, कारण गल्ल्याजवळ नातवाला बसविणारे हात नातीच्या वेळी उगाच थबकतात.

तेथे काय करावे? एक उदाहरण सविस्तर देतो. गल्ल्यातील पाच रुपयांची नाणी घ्यावीत. १९९२ पासून निघालेले जाड, पांढरे नाणे ९ ग्रॅमचे आहे. २००९ मध्ये आलेले पिवळे नाणे ६ ग्रॅमचे. प्रथम ही दोन्ही मुलाच्या तळहातांवर ठेवून कोणते जड ते विचारावे, मग दोन्ही प्रकारची दहा-दहा नाणी काट्यावर तोलू द्यावीत. झिजेमुळे किंचित फरक पडेल, तोही वहीत लिहावा. यानंतर या दोन प्रकारांची मिळून शंभर नाणी एका पिशवीत घालावीत (अधल्यामधल्या वर्षांची निराळी नाणी वगळावीत) आणि ती न उघडता विचारावे, हिच्यात जाड नाणी किती? समजा नाण्यांचे वजन ६९० ग्रॅम भरले. सर्व नाणी पिवळी असती तर ६०० भरले असते. वरचे ९० ग्रॅम कोठून आले? प्रत्येक जाड नाणे ३ ग्रॅम अधिक आणते, म्हणून जाड नाणी ३०. पिशवी ओतून मोजल्यावर तीस निघाली, की मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते विकतच्या सौरमालेने उमटत नाही. चौथीचे मूल तोलणे व बेरजा यांवरच थांबेल, सातवीचे समीकरण मांडील, जिन्नस तोच. काटा हाताशी आहेच, तर त्यावरील पडताळणीचा शिक्का आणि भिंतीवरचे प्रमाणपत्रही त्याला वाचू द्यावे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी का करावी लागते, हा प्रश्न तो स्वतःच विचारील.

दुसरा प्रकल्प घरातील वडीलधाऱ्यांसाठी, आणि तो केवळ आपल्या मराठवाड्यात व जुन्या निजामी मुलखातच होऊ शकतो. ऐंशी ओलांडलेल्या आजोबांना ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द ठाऊक असतील. हैदराबाद संस्थानाचा रुपया तो हाली, इंग्रजी अंमलातला तो कलदार. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, तरी हाली रुपया १९५९ पर्यंत चालत राहिला. सात हालींना सहा रुपये हा भाव होता. पाचवीच्या मुलाने ३५ हालींचे किती रुपये हे तोंडी सांगावे. मग एका हालीचे आणे किती, हे काढू लागावे. सोळा आण्यांचा रुपया धरला तर भागाकार सरळ जात नाही, अपूर्णांक येतो, आणि अपूर्णांक कशासाठी शिकायचे या प्रश्नाचे उत्तर परस्पर मिळते. आजोबांनी त्या काळी काय भावाने काय घेतले, ते वहीत उतरवून घ्यावे. ही माणसे आणखी किती वर्षे आपल्यात असतील?

घरच्या पाण्याचा हिशेबही या शहरात सहज करता येतो. नळ किती दिवसांनी आला, टाकीची लांबी-रुंदी-उंची किती, एक घनमीटर म्हणजे हजार लिटर हे धरून माणशी रोज किती लिटर आले, एवढेच महिनाभर लिहावे. सोबत पाणचक्की पाहून यावे. नहरीने डोंगराकडून आणलेल्या पाण्याने जाते कसे फिरते, याचे चित्र मुलाने तेथेच बसून काढावे.

चित्रावरून वेरूळचे सांगतो. शाळेच्या सहलीत कैलास लेणे पाहून बस परत फिरते आणि ३० ते ३४ क्रमांकांची आपली जैन लेणी बहुधा राहूनच जातात. कुटुंबासह जावे, ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेत तास-दीड तास थांबावे आणि मोबाइल पिशवीतच ठेवावा. मुलाने अंगणातील दगडी हत्तीचे चित्र काढावे. बाहुबलींच्या अंगावर वेली कशा चढल्या आहेत, पार्श्वनाथांच्या मस्तकावरील फणे किती, हे मोजून लिहावे. घरी येऊन त्याने आजीला ते वहीतून समजावून सांगावे. तिने अडविले, तर पुन्हा वही पाहावी. जाण्यापूर्वी वार मात्र पाहून ठेवावा, मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात.