रेंज फुल, नेट गुल

सकाळी ९:३०

शटर वर केलं की आधी टेबलावरची काळी पूड पुसायची. वणीच्या आसपास वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खुल्या खाणी, त्यात कोळशाच्या ट्रकांची ये-जा. त्यामुळे इथला कुठलाही लॅपटॉप उघडला की पंख्याच्या पात्यांवर काजळी धरलेली असतेच. त्यावरून गिऱ्हाइकांनी एक निदान कायमचं करून ठेवलंय : ‘धूळ गेली असंन भाऊ, म्हणून नेट स्लो हाय.’ धुळीनं मशीन तापतं आणि तापलं की मंदावतं, हे खरं. पण वायफायच्या लहरींना पंख्यावरच्या धुळीशी काही देणंघेणं नसतं.

धुळीनंतरचा दुसरा ठरलेला आरोपी म्हणजे लिनक्स. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ बऱ्याच जुन्या मशीनवर चढत नाही, आणि नवा लॅपटॉप घ्यायची सगळ्यांची ऐपत नाही. मग धडधाकट मशीन भंगारात कशाला घालायचं, म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट टाकून देतो. ब्राउझर, टायपिंग, प्रिंट, सगळं चालतं. अडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी : वायफाय.

म्हणून टेबलावर तीन वस्तू कायम तयार असतात. लांब लॅन केबल, माझा स्वतःचा राउटर आणि एक जुना यूएसबी डोंगल. केबल लावून नेट सुसाट पळालं तर कनेक्शन निर्दोष. डोंगलवरही पळालं तर राउटर निर्दोष. मग उरतं लॅपटॉपमधलं कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर. एवढं कळेपर्यंत स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा नाही.

हा डोंगल मी जपून ठेवलाय. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन७२२एन, पहिली आवृत्ती. आत अथेरॉसची एआर९२७१ चिप आहे. तिचा ड्रायव्हर तर खुला आहेच, पण २०१३ मध्ये चिपच्या आत चालणारं फर्मवेअरसुद्धा खुलं झालं. वायफायच्या धंद्यात हे फार दुर्मीळ. याच नावाच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र रियलटेकची वेगळीच चिप आहे. डबा तोच, नाव तेच, आतला जीव बदललेला. म्हणून मॉडेलच्या नावावर मी विश्वास ठेवत नाही. मशीनलाच विचारतो, आत कोणती चिप आहे आणि तिला कोणता ड्रायव्हर लागलाय.

सकाळी १०:१५

शिरपूरकडच्या जिल्हा परिषद शाळेतले सर आले. एचपीचा लॅपटॉप, शाळेची यूडायसची माहिती भरायची आहे.

“राउटरच्या बाजूला बसून एकच काडी येते हो. फोनला सगळ्या काड्या येतात.”

“सर, विंडोज होतं तेव्हा?”

“तेव्हा बरं चालत होतं. तुम्ही हे नवीन टाकलं तेव्हापासून.”

आरोप थेट माझ्यावर होता. चिप पाहिली : रियलटेक आरटीएल८७२३बीई. पुढचं काम सोपं झालं.

या कार्डावर अँटेनाच्या तारेसाठी दोन जागा असतात. लॅपटॉपच्या कंपनीनं चार पैसे वाचवायला बऱ्याचदा एकच तार टाकलेली असते. त्याला हरकत नाही, एका तारेवरही काम भागतं. पण तार कोणत्या जागी आहे, याची नोंद कारखान्यात चिपच्या मेमरीत करावी लागते आणि बऱ्याच लॅपटॉपांत ती नोंदच उलटी आहे. ड्रायव्हर बिचारा नोंद वाचतो आणि रिकाम्या जागेवर कान लावून बसतो. पाहुणा पुढच्या दाराशी उभा आणि घरधनी मागचं दार उघडून वाट पाहतोय, तसं. राउटर वीतभर अंतरावर असल्यामुळे थोडंफार झिरपतं, तेवढीच ती एक काडी.

खुल्या ड्रायव्हरमध्ये यासाठी एक पर्याय आहे. अँटेना पहिली की दुसरी, ते हातानं सांगता येतं. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घातली आणि मशीन बंद करून चालू केलं. सिग्नल उणे ८० डीबीएमच्या आसपास होता, तो उणे ५० वर आला. हा तीसचा फरक दिसायला लहान वाटतो, पण दर दहा डेसिबलला शक्ती दहापट होते. तीस म्हणजे हजारपट.

हा पर्याय ड्रायव्हरमध्ये घातला अमेरिकेतल्या लॅरी फिंगर यांनी. रियलटेकच्या कितीतरी चिपांचे ड्रायव्हर या माणसानं वर्षानुवर्षं स्वयंसेवक म्हणून सांभाळले. जून २०२४ मध्ये ते गेले. सरांना एवढं सगळं सांगायला वेळ नव्हता. त्यांनी तिथेच यूडायसचं पान उघडून पाहिलं आणि म्हणाले, “म्हणजे चूक कंपनीची?”

“नोंद कंपनीची, सर. बदनामी लिनक्सची.”

दुपारी १२:००

लोकमान्य टिळक महाविद्यालयात शिकणारा मुलगा. पायथन शिकतोय. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीत लिनक्सचे धडे आहेत, ते पाहून यानं घरीच सगळं बसवलं. माझ्याकडे येणाऱ्यांत ही पोरं सगळ्यात हुशार आणि सगळ्यात जास्त गुंता करून आणणारी.

“दादा, आधी वायफाय दर दहा मिनिटांनी तुटे. मंग इंटरनेटवरून ड्रायव्हर टाकला, तर चांगला चालला. परवा अपडेट आलं आणि आता पुरा लॅपटॉपच हँग होऊन राहिला.”

चिप रियलटेक आरटीएल८८२१सीई. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, त्याची ५.९ आवृत्ती येईपर्यंत तिच्यासाठी कर्नलमध्ये ड्रायव्हरच नव्हता. लोक बाहेरून कोड आणून आपल्या मशीनवर बांधून घेत. कर्नल बदलला की तो पुन्हा बांधावा लागे, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर मशीन त्याला आत घेत नसे. ते जुने उपाय अजून इंटरनेटवर पडून आहेत. आता कर्नलमध्ये स्वतःचा ड्रायव्हर आलाय. याच्या मशीनवर दोन्ही होते आणि एकाच कार्डावर हक्क सांगत होते.

आधी बाहेरचा ड्रायव्हर मुळापासून काढला. कर्नलमधला एकटा राहिला, तर वायफाय लागलं. पण दहा मिनिटांनी मशीन गोठलंच. म्हणजे मूळ दोष दोन ड्रायव्हरच्या भांडणात नव्हता, पोराच्या उपायानं तो नुसता झाकला गेला होता.

आता लॉग वाचायचा. कर्नल आपली प्रत्येक हालचाल लिहून ठेवतो. कार्ड झोपलं, जागं केलं, उत्तर आलं नाही, पुन्हा हाक मारली, असं ओळीओळीनं. यात दोन प्रकारची झोप असते. एक वायफायची : काम नसलं की रेडिओ डुलकी घेतो. त्यानं राउटरला पिंग केलं की उत्तराची वेळ वरखाली उड्या मारते आणि नेट आळशी वाटतं. नेटवर्क मॅनेजरमध्ये एक आकडा बदलला की ही डुलकी थांबते. दुसरी झोप मदरबोर्ड आणि कार्ड यांच्यामधल्या वाटेची, तिला एएसपीएम म्हणतात. काही मॉडेलांत कार्ड या गाढ झोपेतून नीट उठतच नाही आणि सोबत सगळं मशीन घेऊन बसतं.

डुलकी बंद करून पाहिली, फरक नाही. ड्रायव्हरला एएसपीएम बंद ठेवायला सांगितलं आणि यूट्यूबवर लांबलचक व्हिडिओ लावून दिला. पोराला म्हटलं, “बॅटरी थोडी लवकर उतरंन. संध्याकाळी ये.”

दुपारी १:३०

डब्यात ज्वारीची भाकर आणि सोल्यांची भाजी. पहिला घास घेतला आणि फोन वाजला. वेकोलितून निवृत्त झालेले काकाजी.

“लाईट जाऊन आली तेव्हापासून वायफायच दिसून नाही राहिलं. फोनवर दिसते, लॅपटॉपवर नाही.”

लॅपटॉप भाच्यानं अमेरिकेतून पाठवलेला आहे, हे मला ठाऊक होतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनल वापरता येतात, अमेरिकेत साधारण ११ पर्यंतच. तिकडे विकलेल्या कार्डात कधीकधी देशाची खूण पक्की ठोकलेली असते, आणि ड्रायव्हर ती खूण पाळतो. ११ च्या वर शोधतच नाही. लाईट आल्यावर राउटर नव्यानं उठला, ‘ऑटो’वर होता, आजूबाजूची गर्दी पाहून १३ वर जाऊन बसला. भारतीय फोनला दिसला, अमेरिकन लॅपटॉपला नाही.

फोनवरच राउटरचं पान उघडायला लावलं, चॅनल ऑटो काढून १ वर पक्का केला. घास घेऊन होईपर्यंत काकाजींचा आवाज आला, “दिसलं बावा!” लॅपटॉपला, ड्रायव्हरला हातही लागला नाही.

दुपारी ३:००

लालपुलियाकडे कोळशाच्या एका डेपोत. लोखंडी पत्र्याची केबिन, बाहेर काट्यावर ट्रकांची रांग. काट्याचा कॉम्प्युटर तारेनं जोडलेला, त्याला काही होत नाही. तक्रार हिशेबाच्या लॅपटॉपची आहे, त्यावर मीच लिनक्स टाकलंय.

“रेंज फुल हाय, पर एक बिल्टी उघडायला चहा संपते.”

कार्ड इंटेलचं. इंटेलचे खुले ड्रायव्हर एकंदरीत भरवशाचे, तरी आधी जोडणीचा वेग पाहिला : ५४ मेगाबिट. हा आकडा दिसला की माझं लक्ष लॅपटॉपवरून उडतं. ५४ ही २००३ च्या ‘जी’ मानकाची कमाल मर्यादा. नवं कार्ड नेमकं तिथेच अडलं असेल, तर कोणीतरी त्याला मुद्दाम अडवलेलं असतं. राउटर उघडला. पासवर्डची सुरक्षा टीकेआयपी प्रकारची ठेवलेली. ‘एन’ मानकाचा नियमच आहे की टीकेआयपी वापरली तर ‘एन’चा वेग द्यायचा नाही. कार्ड नियमानं वागत होतं. सेटिंग एईएसवर नेली, वेग वाढला, बिल्टी उघडली. मात्र डेपोतल्या सगळ्या फोनांना पासवर्ड नव्यानं टाकावा लागला, त्यामुळे आभारापेक्षा कुरकुर जास्त ऐकू आली.

राउटरही पत्र्याच्या कोपऱ्यातून काढून खिडकीशी टांगला. पत्र्यातून लहर जात नाही. याला कोणत्याही ड्रायव्हरचं औषध नाही.

सायंकाळी ५:१५

फोटो स्टुडिओवाल्या दादांचा लॅपटॉप, आत ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२. इथे खुल्या ड्रायव्हरला दोष देण्याचा प्रश्नच नाही, कारण या चिपला तो नाहीच.

ब्रॉडकॉमनं बराच काळ चिपांची माहिती बाहेर येऊ दिली नाही. जुन्या चिपांसाठी स्वयंसेवकांनी कंपनीच्या ड्रायव्हरचं वागणं तपासून, उलटा माग काढून ‘बी४३’ लिहिला. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीनं स्वतः एक खुला ड्रायव्हर दिला, पण मोजक्याच चिपांसाठी. ४३१४२ त्यातून सुटली. तिच्यासाठी आहे फक्त ‘डब्ल्यूएल’, अर्धा बंद कोड. त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची. पुढे आलेल्या प्रत्येक कर्नलसाठी डेबियन आणि उबुंटूची माणसं त्याला बाहेरून ठिगळं लावत आली आहेत. आत काय बिघडलं, हे त्यांनाही दिसत नाही, मलाही नाही. लॉगमध्ये एक आकडा येतो आणि विषय संपतो.

दादांनी सरळ विचारलं, “मंग उपाय?”

“कार्ड बदला. अथेरॉसचं जुनं बसवू.” अथेरॉसनं २००८ मध्ये आपल्या ‘एन’ चिपांचा ड्रायव्हर स्वतःहून खुला केला. ती कार्डं जुन्या मशीनला अजून उत्तम चालतात. पण काही लॅपटॉपांचं बायॉस ठरावीक कार्डांशिवाय दुसरं कार्ड स्वीकारत नाही, चालूच होत नाही. म्हणून मागवण्याआधी दुकानातलं एक लावून पाहिलं. यानं स्वीकारलं. दादा ते तिथेच घेऊन गेले.

सायंकाळी ६:३०

कॉलेजचा पोरगा परत आला. त्याचा व्हिडिओ दुपारपासून अखंड चालू होता.

“म्हणजे आधीचा ड्रायव्हर टाकलाच नसता तर?”

“तरी हँग झालाच असता. फक्त शोधायला सोपं गेलं असतं.” त्याला तीन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. बाहेरून ड्रायव्हर आणण्याआधी कर्नलमध्ये आहे का पाहायचं. अपडेट करायचं, पण आधीचा कर्नल पुसायचा नाही, म्हणजे बिघडलं तर सुरू होताना जुना निवडता येतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही.

मग तो हळूच म्हणाला, “घरचे म्हणतात, विंडोज ११ वाला घे.”

“पैसे असले तर घे. पण तिथंही ड्रायव्हर बिघडते, तवा कोणाला विचारशीन?”

रात्री ८:००

शटर अर्धं खाली. आता वहीचं काम. चिपचा क्रमांक, लॅपटॉपचं मॉडेल, कर्नल, लक्षण, उपाय. आजच्या पानावर लिनक्सच्या नावानं आलेल्या तक्रारींत एक कारखान्यातल्या उलट्या नोंदीची निघाली, एक चॅनलची, एक राउटरच्या सेटिंगची, एक कंपनीनं वाऱ्यावर सोडलेल्या बंद ड्रायव्हरची. खुल्या ड्रायव्हरची म्हणता येईल अशी एकच, कॉलेजच्या पोराची. तीसुद्धा त्याच ड्रायव्हरमधला पर्याय वापरून सुटली.

त्या एकीचं काम अजून बाकी आहे. रियलटेकच्या या नव्या ड्रायव्हरच्या कोडमध्ये एक छोटी यादी आहे. ज्या लॅपटॉपांत ही गाढ झोप मशीनला घेऊन बसते, त्यांची मॉडेल त्यात लिहिलेली आहेत. ते मॉडेल दिसलं की ड्रायव्हर आपणहून ती झोप बंद ठेवतो. यादी फार मोठी नाही. ती कोणी कारखान्यात बसून केलेली नाही, कुणाचं तरी मशीन गोठलं आणि कोणीतरी ते नीट लिहून कळवलं, तेव्हा एकेक नाव चढलं. पोराचं मॉडेल तिच्यात नाही.

म्हणून ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना अहवाल लिहितो. बायॉसमध्ये दिसतं तसं मॉडेलचं पूर्ण नाव, कर्नलची आवृत्ती, गोठण्याआधीच्या लॉगच्या ओळी, आणि कोणता पर्याय दिल्यावर थांबलं ते. ‘वायफाय खराब आहे’ एवढंच लिहून काही होत नाही, इथे माझ्या दुकानात होत नाही तसंच. पुराव्यासकट लिहिलं तर तपासतात. बदल पटला, तर ते नाव यादीत जाईल आणि पुढच्या एखाद्या अपडेटसोबत सगळीकडे पोहोचेल.

मग वरोऱ्यात, आदिलाबादेत किंवा आणखी कुठे ज्याच्याकडे हाच लॅपटॉप आहे, त्याचं मशीन गोठणार नाही आणि त्याला दुरुस्तीवाल्याकडे जावंही लागणार नाही. वणीतही या मॉडेलचं गिऱ्हाईक माझ्याकडे येणं बंद होईल. होऊ दे. विंडोज १० चे एवढे लॅपटॉप अजून रांगेत आहेत की कामाला तोटा नाही.